आमच्या गल्लीतलं आरमार

आमच्या गल्लीला नाव द्यायचं ठरलं तेव्हा जमिनीवरच्या लढाया संपल्या होत्या. आसपासच्या गल्ल्यांनी एकेक किल्ला, एकेक खिंड नावासाठी आधीच अडवून ठेवलेली. मग नगरसेवकाच्या मंडळातल्या कुणाला तरी मोबाईलवर खांदेरीची आरमारी लढाई सापडली. झालं! ज्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं समुद्रावरच्या विजयाचा फलक लागणार. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्या लढाईबद्दल मला आदरच आहे. मराठ्यांच्या लहान लहान होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणलं होतं. आणि या दिवट्यांनी फलकावर काय छापलं? उंच शिडांचं इंग्रजी जहाज, वर भगवा झेंडा. सांगायला गेले तर म्हणाले, बाई, मोठं जहाज लई भारी दिसतंय की. मी घरी निघून आले.

फलकाला चबुतरा हवा, तो त्यांनी गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या व्हॉल्ववर ओतला. हो, व्हॉल्ववरच. ज्या झाकणातून चावीवाला लांब चावी घालून आमचं पाणी सोडतो, ते झाकण काँक्रीटखाली गेलं. चावीवाला त्या वेळी तिथंच उभा होता, नारळ फुटल्यावर खोबरंही खाऊन गेला. पाण्याची पाळी आली तेव्हा चावी खांद्यावर टाकून आला आणि चबुतऱ्याकडं बघत उभा राहिला. तेव्हा का बोलला नाहीस, असं विचारलं तर म्हणे, "मला कुणी इचारलंच न्हाय की."

महापालिकेच्या पाण्याच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब म्हणाले, फलकाला हात लावला तर लोकांच्या भावना दुखावतील, टँकर पाठवतो. कुणाच्या भावना? गल्लीतले लोक माझ्यापुढं माना डोलवायचे, बाई तुमचं खरं आहे म्हणायचे, आणि नगरसेवक आला की त्याच फलकाखाली उभं राहून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. टँकर एकदा आला. पाण्याला डिझेलचा वास होता.

आमची अव्वा, म्हणजे माझी आई, ऐंशी ओलांडलेली, साखरेच्या दुखण्याची. तिचा जन्माचा नेम असा की आंघोळ करायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा. आजारपणातही मोडला नाही. ते टँकरचं पाणी तिनं हुंगलं आणि शिवाला असलं पाणी घालणार नाही म्हणाली. विकतचा जार आणला तर तोही परत सारला. शेजारणीकडं कळशीभर पाणी मागितलं, तर ती आपल्या नुकत्याच धुतलेल्या ओल्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, आमच्यात पण थेंब न्हाय. ओल्या उंबऱ्यावर! तिच्या तोंडाकडं बघवेना मला.

आमची टाकी तळाला गेली, दुसरी पाळीही कोरडी जाणार असं दिसलं. त्या सकाळी अव्वानं विचारलं, "नीर बंतेनु?" पाणी आलं का? नाही म्हटल्यावर ती तशीच उपाशी भिंतीकडं तोंड करून निजली. दुपारी साखर उतरून तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी जिभेवर साखर ठेवायला गेले तर तिनं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाणार, तेही एका चुकीच्या जहाजापायी, हे मला सहन होईना.

मी माळ्यावरची पहार काढली आणि चबुतऱ्यावर घातली. गल्ली गोळा झाली, मोबाईल वर झाले, हात एकाचाही पुढं आला नाही. बरं, काँक्रीटही त्या लोकांच्या लायकीचंच निघालं, निम्मी माती. झाकण मोकळं झालं, फलक आडवा झाला. चावीवाल्याला हाताला धरून आणलं, त्यानं चावी फिरवली आणि नळ खळखळले. क्षणात सगळे बघे बादल्यांकडं पळाले.

अव्वाला न्हाऊ घातलं. थरथरत्या तळहातावर लिंग ठेवून तिनं सावकाश, बेलाचं एक पान कमी न करता पूजा केली. मी ताट घेऊन उभी होते. तिनं पहिला घास घेतला तेव्हा मी मोरीत जाऊन रडले.

संध्याकाळी नगरसेवक माणसं घेऊन आला. कुणी केलं हे, असं त्यानं विचारल्याबरोबर सगळ्या गल्लीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"बाई, तुमी इतिहास शिकवला आणि इतिहासावरच पहार?"

"व्हय. माझी आई उपाशी होती."

तो माझ्याकडं न बघता लोकांकडं वळला आणि म्हणाला, चबुतरा उद्या हितंच, याच्यापेक्षा मजबूत बांधू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे केस ओले होते, साबणाचा वास माझ्यापर्यंत येत होता.

पहार मी माळ्यावर टाकली नाही. दाराआड ठेवली आहे.