खोलीत राहिलेला वास

दोन इंजेक्शनं देऊनही सुमनबाईंची दाढ बधिर होईना. हिरडीला नुसतं टोचलं तरी त्या खुर्चीतून उठायच्या. खूप सूज असली की असं होतं, म्हणून मी थांबले.

मुलांनो, आजी दिवसभर काय करते असं तुम्ही फोनवर विचारता, म्हणून हा एक दिवस लिहिते. नावं बदलली आहेत.

सुमनबाई घाटापलीकडच्या पासली गावच्या. माझ्या नसरापूरच्या दवाखान्यात त्या आल्या ते भरलेल्या जीपमधून, नवरा आणि चार शेजारणींसह. खोलीत दारूचा वास होता. माझी असिस्टंट रुक्साना त्यांच्या नवऱ्यावर, धोंडिबांवर, डाफरली.

"मामा, दवाखान्यात यायच्या दिवशी तरी घेऊ नका!"

"चुकलं, ताई."

"ह्यो न्हाई सुदरायचा," दारातली शेजारीण म्हणाली. "घरात पोरीचं लगीन ठरतंय, तरी ह्याचं चालूच."

दाढेला एखादं जादा मूळ आहे का ते बघायला मी पुन्हा एक्स-रे घ्यायचं ठरवलं. एक्स-रेच्या वेळी खोलीत पेशंटशिवाय कुणी थांबत नाही. सगळे बाहेर गेले, धोंडिबासुद्धा. मी दाराआडून बटण दाबलं आणि आत आले.

वास तसाच होता.

मी दार लावून घेतलं. स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"सुमनबाई, तुम्ही घेता का?"

त्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दाढंपायीच लागली, बाई. ठणका लागला की कापूस भिजवून ठेवायची. मग गिळाया लागले. लई वर्सं झाली."

"आणि यजमान?"

"त्यांनी थेंब घेतला न्हाई कदी. सकाळी दारूची चूळ भरून आल्यात. वास त्यांचा वाटावा म्हनून. बाईमानूस पितं कळलं तर माज्या पोरीला कोन करंल?"

मी त्यांचे डोळे पाहिले. पिवळट होते. पाय सुजलेले. रक्त गोठायला लागणारे पदार्थ लिव्हर तयार करतं. दारूने लिव्हर खराब झालं की दाढ काढल्यावर रक्त थांबता थांबत नाही. पासलीला परतताना घाटात रक्त सुरू झालं असतं तर जीपमध्ये कुणी काय केलं असतं?

"आज काढायची नाही," मी म्हणाले. "आधी रक्ताची टेस्ट. दाढ पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात काढू, ॲडमिट करून. आणि दारू एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. दारूसुद्धा तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची."

"बाहीर काय सांगू?"

ते सांगायची वेळ आली नाही. धोंडिबांना मी आत बोलावून सगळं समजावलं. बाहेर जाताच ते मोठ्याने म्हणाले, "म्या पिऊन आलो म्हनून बाई खवळल्या. आज न्हाई काडत म्हनल्या."

"आता समद्यांचाच खेटा फुकट घालवलास की रं!" शेजारीण म्हणाली. जीप सुटेपर्यंत त्या चौघी त्यांना बोलत होत्या. ते मान खाली घालून बसले होते.

रिपोर्ट वाईट आला. पुण्यात दाढ निघाली. रक्त थांबवायला डॉक्टरांना बरेच कष्ट पडले, पण थांबलं. त्यांनी व्यसनमुक्ती केंद्राची चिठ्ठी दिली. तिथे जायचं तर गावाला काहीतरी सांगावं लागलं असतं. बाकी सगळं धोंडिबांनी स्वतःवर घेतलं होतं, पण बायकोच्या जागी त्यांना तिथे दाखल होता येत नव्हतं. सुमनबाई गेल्याच नाहीत.

मुलीचं लग्न झालं. त्यानंतर काही महिन्यांनी सुमनबाई वारल्या. दारुड्या नवऱ्याने बायकोला झुरवून मारलं, असं गाव म्हणतं.

परवा धोंडिबा कवळीचं माप द्यायला आले होते. बाकावरच्या बायका सरकून बसल्या. रुक्सानाला यातलं काही माहीत नाही. पेशंटचं गुपित मी तिलाही सांगत नाही.

"मामा, आज घेतली नाही ना?"

"न्हाई, ताई. सोडली."

"बायको गेल्यावर सुचलं व्हय?" बाकावरून कुणीतरी म्हणालं.

धोंडिबांनी खुर्चीत बसून तोंड उघडलं.

हल्ली मी प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना एक्स-रेसाठी म्हणून बाहेर पाठवते. पुष्कळदा मशीन चालूसुद्धा करत नाही.