रक्ताची चेष्टा

मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, की तो सिनेमा बघताना मी घाबरलो होतो. चांगलाच घाबरलो होतो. मध्येच बंद करून पाणी प्यायलो, बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतीवरचे वाळत घातलेले कपडे बघत उभा राहिलो, आणि मग आत येऊन उरलेला पाहिला. दुसऱ्या दिवशी बायको भाजी आणायला गेल्यावर तोच एक प्रसंग परत लावला. पुन्हा मध्येच बंद केला.

यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. भीतीचा सिनेमा बघून माणूस घाबरला, म्हणजे सिनेमाचं काम झालं. पण मी चारचौघांत मत दिलं ते याच्या बरोबर उलट. आणि नंतर एका माणसाने मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, तेव्हाही मी तेच रेटलं. त्या दुसऱ्या वेळेबद्दल मला लिहायचं आहे.

मी विमा कंपनीतल्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आलो आणि मग हललोच नाही. मानसरोवरात फ्लॅट घेतला. इथे आमच्यासारखी बदलीची मराठी माणसं बरीच आहेत, रेल्वेतली, बँकेतली. त्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. गणपतीची वर्गणी, कोणाला चकलीची भाजणी हवी, कोण गावाकडून येताना काय आणतंय, असं सगळं त्यावर चालतं. रविवारी मी त्यावर सिनेमाबद्दल चार ओळी लिहितो. घरी आणि ऑफिसात मी फारसा बोलत नाही. कदाचित त्यामुळेच त्या चार ओळींत मला फार चेव येतो. वाचणाऱ्यांना तेच आवडतं. शनिवारीच एखादा विचारतो, "साहेब, उद्या कोणाला सोलणार?"

आमच्या मागच्या गल्लीत भुसावळकडचं एक रेल्वेतलं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी इथेच जन्मली, हिंदी शाळेत शिकली. मला काका म्हणते. घरात मराठी बोलते, पण जरा अडखळत, हिंदीचा हात धरून. देवनागरी वाचता येते म्हणून मराठीही वाचता येते असं तिला वाटतं, आणि आम्हालाही तसंच वाटायचं. ती पार्लरमध्ये नवऱ्यांचा मेकअप करायची. म्हणजे नवरीमुलींचा. तिथून ती कशी कोण जाणे एका सिनेमावाल्या टोळक्यात शिरली आणि त्यांच्यासाठी जखमा करू लागली. गाल फाटलेला, बोट तुटलेलं, गळ्यावर चीर. तिची आई सांगायची, "फ्रिज उघडला की कान दिसतो हो वहिनी. मी दही कुठे ठेवू?"

त्या लोकांचा पहिला सिनेमा कोणीतरी पाहिला असावा, कारण त्यांनी दुसरा भाग काढला. गोष्ट अशी, की संगमरवर कापण्याच्या कारखान्यातला एक कामगार पहिल्या भागात मेला होता, तो दुसऱ्या भागात परत येतो. कसा येतो ते कोणी सांगत नाही. अंगभर दगडाची पांढरी भुकटी, हातात कापायचं मशीन. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका बंद शेडमध्ये सगळं शूटिंग. पात्रं एकेकटीच अंधाऱ्या भागात जातात, दर वेळी. कॅमेरा हलतो. एक नट मेल्यावर श्वास घेताना दिसतो. हे सगळं खरं आहे, आणि मी ते लिहिलंही.

सिनेमा एका लहानशा ॲपवर लागला आणि खाली बघणाऱ्यांची मतं यायला लागली. ती पोरगी आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसून ती मोठ्याने वाचायची.

"ऐका ना काका. 'भाई, इतना टमाटर तो मंडी में भी नहीं है।'"

"बरं."

"'पहला पार्ट देखकर सोचा इससे बुरा क्या होगा। जवाब मिल गया।' और ये सुनो, 'मेरे मामा की शेड में शूट हुआ है, इसलिए पाँच स्टार।'" ती हसत होती, पण तिने अंगठा पुढच्या मतावर ठेवला होता आणि ते वाचत नव्हती. मग म्हणाली, "काका, तुम्ही बघा ना. आणि ग्रुपवर लिहा. मतलब, खरं खरं लिहा."

का ते मला माहीत होतं. मुंबईत जखमा, नकली चेहरे, हातपाय बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला शिकाऊ म्हणून बोलावलं होतं. वडील नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की लोक तर हसतायत तुमच्या सिनेमाला. एका तरी जाणत्या माणसाने तुझं काम चांगलं म्हणावं, मग जा. आमच्या गल्लीत सिनेमातला जाणता माणूस म्हणजे मी.

शनिवारी सुटी होती, दुपारी मी तो पाहिला. अर्ध्यापर्यंत हसत होतो, मनात वाक्यं जुळवत होतो. मग एका मजुराचा हात मशीनमध्ये जातो. एरवी अशा सिनेमांत रक्त सरबतासारखं वाहतं. इथे ते वाहिलं नाही. खाली दगडाची भुकटी होती, तिने ते पिऊन घेतलं आणि ओल्या कणकेसारखे गोळे झाले, कडेला काळपट, मध्ये लाल. माणूस हात घट्ट धरून बसलेला आणि त्याच्या पँटच्या गुडघ्याला ते गोळे चिकटलेले.

हे मी पाहिलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका अपघाताच्या दाव्यासाठी मला अशाच एका शेडमध्ये पाठवलं होतं. जखमी माणसाला नेलं होतं, जमीन कोणी झाडली नव्हती. ती अशीच दिसत होती. त्यावर मी कधी कोणाशी बोललो नाही, आणि बोलायची वेळ येईल असं वाटलंही नव्हतं. फोनच्या पडद्यावर ते इतकं बरोबर दिसल्यावर मी उठून पाणी प्यायलो.

आता खरं लिहायचं तर हे लिहायला हवं होतं. पण हे लिहिलं असतं तर मला कसं माहीत, तेही लिहावं लागलं असतं. शिवाय रविवार उजाडला होता. लोक वाट बघत होते. मी नेहमीच्या ठसक्यात लिहिलं. नटाच्या श्वासावर लिहिलं, कॅमेऱ्याच्या कापऱ्या हातांवर लिहिलं. लांबलचक, संस्कृत शब्दांनी फुगवलेली वाक्यं. आणि शेवटी: "रक्ताची एवढी चेष्टा मी आजवर पाहिली नाही."

ग्रुपवर हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका बँकवाल्या काकूंनी लिहिलं, "असलं बघवतं तरी कसं तुम्हाला?" आणि लगेच खाली, "दुसऱ्या खुनानंतर ती बाई कुठे गेली हो? मला कळलंच नाही."

संध्याकाळी बेल वाजली. दारात ती, हातात गरम कचोऱ्यांचा पुडा. आत येऊन वाकून पाया पडली. एरवी ती कधी पाया पडत नाही.

"काका, थँक यू. पप्पांच्या फोनवर वाचलं. इतनी चेष्टा... कोणी मला असं बोललंच नाही. सगळे फक्त टमाटर टमाटर."

मला कळायला थोडा वेळ लागला. मी जयपूरला नवा होतो तेव्हा आमचे मॅनेजर मला म्हणाले होते, "आप चेष्टा तो कीजिए।" मी भडकून म्हणालो होतो, मी कामात कधी चेष्टा करत नाही. सगळं ऑफिस हसलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड, मेहनत. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे तो, तिथेच ती शिकलेली. माझ्या फुगीर मराठीतलं बाकीचं तिला काही कळलं नव्हतं. शेवटचं एक वाक्य कळलं होतं: रक्तासाठी एवढी मेहनत मी आजवर पाहिली नाही.

"वो पाउडर वाला सीन," ती म्हणाली, "तो पूर्ण माझा आहे. डायरेक्टर बोलला, रक्त बहना चाहिए, दिखना चाहिए. मी बोलली, सर, पाउडर में नहीं बहेगा, जमेगा. भांडली मी. पण खरं असं होतं का, मला काय माहीत काका. मी अंदाजाने केली."

तिला हो किंवा नाही सांगू शकेल असा माणूस तिच्या समोर बसून कचोरी खात होता. मी म्हणालो, "चटणी नाही आणलीस?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय लिहिलंयत एवढं, पोरगी पाया पडतेय?"

"चांगलं लिहिलंय," मी म्हणालो.

ती गेल्यावर मला वाटलं, बरंच झालं. शब्द चुकला, अर्थ मात्र बरोबर जागी पोचला. आपल्याला काही करायला नको. पण तिने ते वाक्य आपल्या फोनच्या स्टेटसला लावलं. ग्रुपवर कोणीतरी त्याचं चित्र टाकलं. "अहो, पोरीने स्वतःच लावलं! स्वतःचीच चेष्टा!" परत पिवळे चेहरे. तो ग्रुप मोठ्यांचा, ती त्यात नव्हती. तिचे वडील होते.

ते मला दुसऱ्याच दिवशी बागेत भेटले. सकाळी आम्ही दोघेही फेऱ्या मारायला जातो. माणूस मोजकं बोलणारा, माझ्यासारखाच. बाकावर बसले, चप्पल काढून पाय गवतावर ठेवले.

"वाचलं साहेब तुमचं."

"भाऊ, ते आपलं असंच..."

"नाही नाही. तुमचं मत आहे ते, त्यात काय. सिनेमा वाईटच आहे, मी पण पाहिला. अर्धा." पायाने गवत चाचपलं. "पोरीला त्या शब्दाचा मराठी अर्थ मी सांगितला नाही. तिच्या आईलाही सांगितलं, बोलू नको. नाचून राहिली ना ती घरभर."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"एक विचारतो. खरं सांगा, मला राग येणार नाही. गंमत राहू द्या बाजूला. तिच्या हातात काही आहे का? तुम्ही हो म्हणा, मी आजच तिकीट काढतो. मला यातलं काही कळत नाही."

इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल. उत्तरही माझ्याकडे तयार होतं. मी हो म्हणायचं, एवढंच. पण हो म्हणायचं तर काल जाहीरपणे जे लिहिलं ते खोटं होतं हे या माणसासमोर कबूल करायचं. तुमच्या मुलीचं काम बघून माझी बोबडी वळली आणि मी चार लोकांना हसवायला तिच्यावर विनोद केला, असं म्हणायचं. समोरून फेरी मारत एक ओळखीचे गृहस्थ आले, हात वर करून ओरडले, "काय साहेब, रक्तदाब कसा आहे?" आणि स्वतःच हसले. तिचे वडीलही थोडे हसले, मला बरं वाटावं म्हणून.

मी म्हणालो, "हौस म्हणून ठीक आहे, भाऊ. पण त्यावर मुंबईला जाण्यासारखं..." आणि वाक्य पूर्ण केलं नाही. त्यांनी ते पूर्ण केलं, मनात. मान हलवली. चप्पल घातली.

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "नाहीतर पोरीच्या आनंदात मी पण वाहून गेलो असतो."

ती मुंबईला गेली नाही. वडिलांनी माझं नाव मध्ये आणलं नाही, मला हे आवडत नाही एवढंच तिला सांगितलं. घरात दोन-चार दिवस जेवणावरून रुसवे झाले असं बायकोकडून कळलं. मुंबईच्या कारखान्याने त्या जागी दुसरं कोणीतरी घेतलं. ती परत नवरीमुलींचा मेकअप करू लागली आणि आजही करते, हात चांगला आहे तर ते कामही चांगलंच होतं. फ्रिजमध्ये आता कान नसतात. दिवाळीला ती फराळ घेऊन येते, माझ्या बायकोशी गप्पा मारते. मी रविवारचं लिहिणं हळूहळू बंद केलं. डोळ्यांना त्रास होतो असं सांगितलं. लोकांना ते खरं वाटलं.

तिच्या वडिलांशी माझं आजही चांगलं आहे. त्यांच्या लेखी मी असा माणूस आहे, ज्याने कडू असलं तरी खरं सांगितलं. त्यांचा हा समज मला त्या ग्रुपवरच्या हसण्यापेक्षा जास्त बोचतो.

मागच्या महिन्यात कळलं, की ते लोक तिसरा भाग काढतायत. ती आमच्याकडे आली होती, बायकोला मेंदी लावायला. मी विचारलं, "तुला बोलावलं नाही?"

"बोलावलं होतं. मी नाही बोलली." बायकोच्या तळहातावरून नजर न उचलता ती म्हणाली. "पप्पांना आवडत नाही काका. सोडा. तेव्हा तुम्ही एकटेच माझ्या बाजूने होता."

बायकोने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे ती नीट वाचू शकणार नाही अशाच जागी लिहितो आहे, हेही मला समजतं. याने काही फिटत नाही. तिच्या वडिलांना मी एक गोष्ट देणं लागतो: त्या बाकावर मी खोटं बोललो, तुमच्या मुलीच्या हातात होतं. तिला दोन देणं लागतो: मी लिहिलेल्या शब्दाचा मराठीतला अर्थ, आणि भुकटीत पडलेलं रक्त अगदी तसंच दिसतं, हे उत्तर. हिंदीत, तोंडाने, तिच्यासमोर बसून. अजून दिलेलं नाही.