बेचाळीस पत्रे आणि पुढं पळणारा मेहुणा

किमोसोपला दिसत नव्हतं, पण कोण येतंय हे गावात त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. "चीफ, डाव्या बुटाचा तळ उचकटलाय बरं का," असं तो वीस पावलांवरून सांगायचा आणि गावचे प्रमुख असलेले चीफ बिचारे गुपचूप पाय मागं घ्यायचे.

अंधशाळेत तो पोरांना ठिपक्यांची अक्षरं शिकवी. तिथल्या स्वयंपाकघराचं छप्पर असं, की पाऊस आला की मक्याच्या पिठाच्या उगालीचा घट्ट गोळा व्हायच्या आधीच पातेल्यात तळं व्हायचं. पोरं ताट चाचपून विचारायची, "सर, आजची उगाली खायची की प्यायची?"

शेवटी नव्या छपरासाठी हरांबेची सभा भरली. अशा सभेत प्रत्येकजण उभा राहून आपण काय देणार ते चारचौघांत सांगतो. किमोसोप उठला. "मी मॅरेथॉन पळतो. एका किलोमीटरला एक पत्रा द्या."

सभा हसली. या गावात दूध घालायला जाणारी म्हातारीसुद्धा पळत जाते, तिथं पळण्याचं कौतुक कुणाला?

"देऊ की," दुकानदार कांदिए म्हणाला, "पण शेवटची रेघ नियमानं ओलांडलीस तर. अर्ध्यात बसलास, बाद झालास, तर एकही नाही."

"आणि बेचाळीसच्या वरचे एकशे पंच्याण्णव मीटर?" मागून कुणीतरी विचारलं.

चीफ छाती काढून उभे राहिले. "त्याची पन्हळ माझ्याकडून!"

आता दोरी धरून सोबत पळणारा हवा. तो घरातच होता: बायकोचा धाकटा भाऊ चेबोई. एके काळी परदेशात शर्यती मारून आलेला. त्याची खोड एकच, पुढं कुणाची पाठ दिसली की पायांवर ताबा राहत नसे. चुलत्याच्या अंत्ययात्रेतही तो पेटीच्या पुढं निघून गेला होता. पाद्रीबाबांनी त्याला बोलावून मागं उभं केलं होतं.

पण दोघांची जोडी जुनी. नांगरणीला चेबोई बैलांचा कासरा धरून पुढं चालायचा आणि किमोसोप मागं नांगराचं रुमणं धरायचा. किमोसोपनं "होऽ!" म्हटलं की दोन्ही बैल जागच्या जागी थांबत. खरं सांगायचं तर तिघंही थांबत.

शर्यतीच्या सकाळी पंचबाईंनी दोघांच्या मनगटांना दोरी बांधली आणि बजावलं, "रेघेवर वाटाड्या पुढं गेला तर धावणारा बाद."

किमोसोपची बायको तापकिगेन मुरसिकचा भोपळा घेऊन आली होती. भोपळ्याला आतून कोळशाची पूड लावून त्यात आंबवलेलं ते दूध आपल्याकडं जिंकून आलेल्यालाच पाजतात. तिनं भावाकडं बोट रोखलं. "चेबोई, ऐकलंस ना? पुढं गेलास तर भोपळा डोक्यात घालीन."

"अक्का, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर पाठीला बांधलं असतं."

निघाले. चेबोई वाटेवरचं सगळं सांगत होता. "दाजी, खड्डा. दाजी, चढ. दाजी, एक बाई केळं खातेय."

"केळ्याचं मला काय करायचंय?"

"साल टाकली तर?"

तिसाव्या किलोमीटरनंतर किमोसोपच्या पोटऱ्या दगड झाल्या. "मेहुण्या, किती पत्रे झाले?"

"चौतीस."

"मग अजून स्वयंपाकघरावर आभाळच आहे म्हण," असं म्हणून तो कण्हत पळत राहिला.

शेवटचं वळण आलं. गर्दीचा आवाज वाढला. तेवढ्यात एक लाल बनियनवाला गडी बाजूनं सटकन पुढं गेला. पुढं पाठ आली! चेबोईचं बोलणं बंद झालं. किमोसोपच्या मनगटाला दोरीचा हिसका बसला आणि मेहुण्याच्या पायांचा ताल बदललेला त्याला ऐकू आला.

"चेबोई! हळू!"

दोरी ताणलेलीच, गर्दी ओरडतेय, आणि तापकिगेनचा आवाज अगदी जवळून आला, "अरे, रेघ आली, रेघ!"

बेचाळीस पत्रे डोक्यावरून उडून चालले होते. किमोसोपनं छातीत होता तेवढा वारा गोळा केला आणि नांगरावरची हाळी दिली.

"होऽऽऽ!"

चेबोई रेघेच्या एक पाऊल अलीकडं खुंटा ठोकल्यासारखा उभा राहिला. किमोसोप त्याच्या खांद्याला घासून पुढं गेला, रेघ ओलांडली, आणि दोरीनं मेहुण्याला आपल्या मागोमाग ओढून घेतलं. पंचबाईंनी हिरवं निशाण वर केलं. कांदिएनं कपाळाला हात लावला, कारण पहिले दहा पत्रे त्याच्याच नावावर होते.

तापकिगेननं भोपळा आधी नवऱ्याच्या तोंडाला लावला. चेबोई बाजूला हात चोळत उभा होता.

"अक्का, जन्मात पहिल्यांदा दुसरा आलो गं."

"दुसरा?" किमोसोप मिशीवरचं दूध पुसत म्हणाला. "मी एकशे बारावा आलोय. तुझा तर नंबरच लावला नाही रे!"

चेबोईनं भोपळा ओढून घेतला आणि रागारागानं अर्धा संपवला. पुढच्या आठवड्यात छपरावर चढायला मात्र तोच सगळ्यांच्या आधी पोचला.