लिझाच्या आईसाठी इंदापूरपर्यंत

बारामतीचा स्टँड आला तरी मी पिशवीची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. प्रवासात मला स्वस्थ बसवत नाही, आणि पोचल्यावर तर मुळीच नाही. लेक हिंजवडीला राहते, तिच्याकडेसुद्धा मी दोन रात्रींवर टिकत नाही. बॅग दाराशी ठेवते, बंदच. या खेपेला तर मी शिष्टाईला निघाले होते.

बरोबर लिझा होती. ही फिलिपिन्सची, नर्स. माझ्या अक्काचा मुलगा निखिल तिकडे डॉक्टरकी शिकला, तिथेच दोघांचं जुळलं. आता तो इंदापूरच्या दवाखान्यात लागलाय आणि राहतो घरीच, जवळच्या खेड्यात. लग्नाला घरचे तयार होते, गाडी अडली होती ती लिझाच्या एका अटीवर. तिची विधवा आई लग्नानंतर लेकीजवळ राहणार होती. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फोनवर एवढंच म्हणाले होते, "लेकीच्या सासरी आई राहत न्हाय." निखिलला ऐन वेळी ड्युटी लागली आणि हे लचांड माझ्या गळ्यात आलं.

स्टँडवर वडापाव घेतला. लिझाने घास घेण्याआधी तो शेजारच्या अनोळखी म्हातारीपुढे धरला. त्यांच्याकडे जवळ बसलेल्याला विचारल्याशिवाय खात नाहीत म्हणे. म्हातारीने खुशाल अर्धा मोडून घेतला आणि मला विचारलं, "कुठली गं ही? गुणाची हाय."

इंदापूरची गाडी लागली. वाटेत उसाची ट्रॉली कलंडलेली, रस्ता बंद. मी पुन्हा पिशवीची चेन ओढत बसले. लिझा मात्र खाली उतरून उसाला हात लावून आली. तिचा बाप त्यांच्या बेटावर ऊसच तोडायचा.

"आई तिकडे तुझ्या भावाजवळ नाही का राहणार?" मी इंग्रजीतून खडा टाकून पाहिला.

"राहील. पण तिने लोकांचे कपडे धुऊन मला शिकवलं, मावशी. आमच्याकडे त्याला 'उतांग ना लोओब' म्हणतात (मनाच्या आतलं ऋण, जे फिटत नाही). ते विसरतो तो 'वालांग हिया' (निर्लज्ज). आमच्यात याहून वाईट शिवी नाही."

"आणि दाजी नाहीच म्हणाले तर?"

"निखिलवर माझा जीव आहे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तरी परत जाईन."

इतकं शांतपणे बोलणाऱ्या माणसाला समजावणार तरी काय?

दाजी दारातच उभे होते. लिझाने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवली. दाजी गडबडले. मी सांगितलं, याला 'मानो' म्हणतात (थोरांचा आशीर्वाद घेण्याची रीत).

"बरं हाय की," अक्का म्हणाली. "कंबर तरी मोडत न्हाय."

जेवायला भाकरी आणि भरलं वांगं होतं. लिझा हाताने छान जेवली, पण टोपलीतली शेवटची चतकोर भाकरी काही घेईना. मागून कुणी आलं तर, म्हणाली. अक्काने ती तिच्याच ताटात टाकली. तेवढ्यात दाजींनी विषय काढला.

"पोरगी लाख हाय. पर तिच्या आईला हितं ठिवली, तर लोक काय म्हणतील? लाज वाटती आमाला."

मी निम्मं सांगितलं, निम्मं गिळलं. लिझाला कळलंच. "आम्हाला आईला मागे टाकण्याची लाज वाटते," ती म्हणाली. हे मात्र मी अक्षरशः दाजींना सांगितलं.

अक्का ताट बाजूला सारून म्हणाली, "आमची आई यायची, तवा भाईर ओट्यावर बसायची. लेकीच्या घरचं खाऊ नये म्हनून फडक्यातली आपली भाकर खायची, पाणीबी आपल्याच तांब्यातलं. निखिल झाल्यावरबी तसंच. मी आत सैपाक करायची अन् ती भाईर कोरडी भाकर चावायची. तुमी बघत व्हता."

"त्यांनीच न्हाय घेतलं," दाजी म्हणाले.

"तुमी कवा आत या म्हनला?"

दाजी उठून बाहेर गेले. मी पदरात तोंड लपवलं, कारण ती माझीही आई. माझ्या घरीसुद्धा ती अशीच बसायची, चपला पायाशी घेऊन. मला राहवेना. मी बॅग आवरायला घेतली, लिझाचीही. तिने माझ्या हातातून तिची बॅग काढून घेतली, पण खाली ठेवली नाही.

तेवढ्यात पडवीतून धप्पकन आवाज आला. कोपऱ्यातल्या खोलीतून दाजी खताची पोती ओढून बाहेर काढत होते.

"सुमन," त्यांनी मला हाक मारली, "इचार तिला, आईला गुडघ्याचा तरास हाय का. ह्या खोलीचा उंबरा लई उंच हाय, फोडावा लागंल."

मी सांगितलं. लिझाने बॅग खाली टाकली, जाऊन त्यांचा खताने माखलेला हात धरला आणि कपाळाला लावला. या वेळी दाजी गडबडले नाहीत.

लिझाला अक्काने ठेवून घेतलं. मी एकटीच परतीच्या गाडीत बसले. लाज त्यांनाही आहे, आपल्यालाही आहे. ती कशाची वाटावी, हे तेवढं ज्याचं त्याचं गाव शिकवतं. आपल्या गावाने माझ्या आईला ओट्यावर बसायला शिकवलं आणि मला बॅग न उघडायला. याचा मला राग आला, रडूही आलं.

हिंजवडीला लेकीने दार उघडलं. "उद्या कितीची गाडी?" तिने सवयीने विचारलं.

मी बॅग थेट आतल्या खोलीत नेली. "तुझ्या कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दे गं," मी म्हणाले.