धुवून येऊ नका

दुर्गेश्वरी रहांगडाले ही चोरखमाऱ्याकडच्या एका गावची, अडतीस वर्षांची धानशेतकरीण. आठ महिन्यांपासून तिला अंगावरून पिवळट, वास मारणारं पाणी जायचं. खाज तर विचारूच नका. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं, गर्भाची पिशवी खराब झाली, काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल. ऑपरेशनची सोमवारची तारीखही दिली. घरी सासू म्हणे, हाडं वितळून पाण्यावाटे चालली. बाई काळजीनं अर्धी झाली होती.

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब सांभाळते. आमच्या डॉक्टर मॅडमनी पिशवीचं तोंड तपासून सांगितलं होतं, कॅन्सरचं लक्षण नाही. पण मग पाणी कशानं जातं? दोनदा नमुना घेतला, दोनदा काचेवर काही दिसलं नाही. सोमवार जवळ येत होता आणि माझं डोकं फिरत होतं.

बुधवारी ती तिसऱ्यांदा आली. मी मागच्या नळावर गेले, तर ही बाथरूममधून निघत होती, हातात बाटली.

"हे काय गं?"

"तुरटीचं पानी जी, मॅडम. इथं येतानी आतून धुवून घेतो. डॉक्टरीणबाईसमोर घाणेरडं कायले जाऊ? मले लाज नाही का?"

मी कपाळावर हात मारला. "अगं माय! आम्ही जे शोधून राहिलो, ते तूच धुवून टाकून राहिली!"

बिचारी घाबरली. खरं तर चूक माझी होती. बारा वर्षं नोकरी केली, नाव-वय लिहून घेते, पण धुवून येऊ नको, एवढं सांगायचं सुचलं नाही. माझीच मला चीड आली.

"उद्या धानाच्या रोवण्यावरून सरळ ये. आतून धुवायचं नाही, नवऱ्याजवळ जायचं नाही."

गुरुवारी ती आली, पोटरीपर्यंत चिखल, मान खाली. डॉक्टर मॅडमनी नमुना घेतला, मी सलाइनचा थेंब टाकून लगेच काच मायक्रोस्कोपखाली सरकवली, कारण मला ज्या जंतूंची शंका होती, ते थंड पडले की हलत नाहीत. आणि बघते तर काय, शेपट्या झटकत इकडून तिकडे पळत होते!

"सापडले रे बाबा!" मी ओरडलेच. तिलाही दाखवलं. तिनं कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

"हाडं नाही न माही?"

"नाही गं बाई. हे जंतू आहेत. सात दिवसांच्या गोळ्यांनी जातात."

ती ढसाढसा रडली. मलाही हायसं वाटलं, लपवू कशाला.

गोळ्या दोघांनाही होत्या. तिचा नवरा चैतराम बाहेरच बसला होता, त्याला आत बोलावलं.

"मले काऊन? मले तं काही होऊन नाही राहिलं."

"त्रास नसला तरी जंतू असतो. तुम्ही नाही घेतल्या तर हिला परत होईल. आणि गोळ्या संपेपर्यंत मोहाची दारू बंद, एकत्र झोपणं बंद."

त्यानं बायकोकडे तिरकं पाहिलं. "पण आलं कोनापासून?"

"ते काच सांगत नाही," मी ठणकावलं. "पाणी आणू का?"

त्यानं गोळी गिळली. दुर्गेश्वरीनं त्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि खाजगी दवाखान्याला लावला.

"हालो, मी दुर्गेश्वरी रहांगडाले. सोमवारी मी येऊन नाही राहिली. नाही जी, पुढची तारीखबी नको. पिशवी चांगली हाये माही, ते माह्यापाशीच राहीन."