एका चुलीवर दोघींचं पाणी

आमच्या गावात थंडीच्या दिवसांत एकाच माणसाच्या आंघोळीसाठी कोणी चूल पेटवत नाही. जळण वाया जातं. गाव धुळ्यापासून फार लांब नाही, पण थंडी हाडात शिरते आणि गरम पाणी लागतंच. गॅसवर पाणी तापवणाऱ्या बाईला मी कधी शहाणी म्हटलं नाही.

नवरा गेला. मुलगा सुरतेला स्थायिक झाला. शेजारीणही एकटीच, तिचा मुलगा नोकरीसाठी धुळ्यात देवपूरला बायकोमुलांसह राहतो, रविवारी येऊन जातो. मग आम्ही दोघींनी एक चूल ठरवली. माझ्या मागच्या अंगणात तीन दगड, त्यांच्यावर मोठं पातेलं. जळण म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी. एक दिवस तिची, एक दिवस माझी. पाणी उतरवलं की त्याच विस्तवात भरताची वांगी ढकलायची. भाजायला वेगळा खर्च नाही.

"अक्का, तुनी पऱ्हाटी नुसता धूर करस," ती म्हणायची.

"मंग चुल्हामा तुनी जीभ घाल. लवकर तपी पानी."

पाणी तापायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात ती सुनेच्या चुका सांगायची, मी ऐकायचे. एखाद्या दिवशी नवी चूक नसली तर जुनीच सांगायची. दिवसभरात माझ्याशी दुसरं कोणी बोलत नसे. तिला हे मी कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, जळण वाचतं.

या दिवाळीनंतर तिचा मुलगा तिच्या छतावर पाणी तापवायचा सोलर बसवायचं म्हणू लागला. तिला वाटलं, एवढा पैसा कशाला घालायचा. ती मला विचारायला आली. बचतीचं काही असलं की गल्ली मलाच विचारते. मी खरं ते सांगितलं.

"बसाडी ले. ऊन फुकट शे."

खोटं सांगता आलं असतं. तेव्हा सुचलंच नाही.

सोलर बसला. दुसऱ्या सकाळी मी सवयीने दोघींचं पाणी ठेवलं. ती आली नाही. कशाला येईल? उरलेल्या पाण्यात मी लुगडी धुतली. चार दिवस तसंच झालं. पाचव्या दिवशी बादली घेऊन तिच्या दारात गेले.

"मनी पऱ्हाटी सरी गयी," म्हटलं. सरली नव्हती.

ती खूश झाली. "ये ना अक्का! पाहिजे तेवढं ले. टाकीमानं बठ्ठं पानी तपेल शे."

तिने नळ सोडला. पाणी कडकडीत होतं. दोन मिनिटांत बादली भरली. मग आम्ही दोघी बादलीकडे बघत उभ्या राहिलो. बसायला काही कारण नव्हतं.

"थंडं व्हई जाई. लवकर घर लई जाय," ती म्हणाली. काळजीनेच म्हणाली.

आता रोज तिच्याकडून बादली आणते. मुलाचा सुरतेहून फोन येतो तेव्हा तो विचारतो, थंडीत पाण्याचं काय करतेस? मी सांगते, फुकट मिळतं. "मग बरंच झालं," म्हणतो, आणि फोन ठेवतो.