सूर्यचुलीतली खीर

केशवराव गेले तरी त्यांची सूर्यचूल शरयूबाईंनी मोडीत काढली नव्हती. सिंदी मेघे गावातल्या घराच्या अंगणात दर रामनवमीला त्या आरशाच्या पेटीत साबुदाण्याची खीर उन्हावरच शिजायची. “सूर्यवंशी देवाले सूर्यानंच रांधलेलं!” केशवराव म्हणत. तेव्हा चैत्रात ढग औषधालाही नसे. आता दरवर्षी अवकाळी. यंदाही सकाळपासून आभाळ. उकाड्यानं घरोघरी कूलर सुरू आणि गच्चीवरचं सोलर सुस्त. साडेअकराला डबा उघडला, तर साबुदाणा पांढराच.

“आई, गॅसवर ठेवा न! कोनाची वाट पाहून राह्यल्या?” सून वेदश्री म्हणाली.

शरयूबाईंनी डबा गॅसवर ठेवला. बाराला नैवेद्य दाखवताना पुटपुटल्या, “रामा, तुह्या घरचंच मानूस आज आलं नाई. हे असते तर अजून अंगणातच बसले असते. गोड मानून घेजो.”